आबांस्नी सांग, खोंड उठंल

माझी आय आणि माझे आबा, म्हणजे तिचे सासरे, एका छपराखाली वर्षानुवर्षं राहिले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. भांडण मुळीच नव्हतं. रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंडातून थेट शब्द काढायचा नाही. मग घर चालायचं कसं? तर मधे एक पोर लागायचं. आमच्या घरात ते पोर म्हणजे मी. आय चुलीपाशी बसून म्हणायची, "आबांस्नी सांग, भाकरी झालीया." आबा तिथंच, उंबऱ्याच्या पलीकडं टेकून बसलेले. सगळं ऐकू जायचं. तरी मी उठायचं, उंबरा ओलांडायचा आणि सांगायचं, आबा, भाकरी झालीया. मग आबा म्हणायचे, "तुझ्या आयला सांग, आलो." मी खेळायला गेलेली असले की आबा भुकेले बसून राहायचे, आय तव्यावर उलथणं वाजवत राहायची, पण मी आल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

हे आता आठवायचं कारण माझी नात. परवा ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. आजी, हे बघ म्हणाली. स्पेन नावाचा देश आहे, तिथं एक बाई भल्या दांडग्या बैलासमोर उभी होती, अंगात सोनेरी नक्षीचं जाकीट, हातात तांबडं फडकं. नात म्हणाली, तिथं पूर्वी बायांना त्या रिंगणात उतरू देत नव्हते, तरी काही जणी उतरल्याच. मी पुष्कळ वेळ बघितलं. म्हटलं, बाई झकास उभी आहे गं, पाठ कशी ताठ आहे बघ. पण शेवटी बैलाला मारतात म्हणाली, ते मला आवडलं नाही. आमच्या घरातली बाई बैलासमोर उभी राहिली ती त्याला वाचवायला. नात म्हणाली, कोण? म्हटलं, तुझी पणजी. तिला ते खरं वाटेना. म्हणून लिहायला बसले आहे. मी शाळा चौथीसुद्धा धड केलेली नाही, वाचायला-लिहायला माझी मी शिकले, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला.

आमचं गाव माले नावाच्या गावाच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी आणि वरई, मागं डोंगर. हे घडलं तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. घरात आबा, दादा म्हणजे माझे वडील, आय आणि मी. आय माहेरची मारुंजीची. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी आणि हसायला लवकर.

त्याआधी, मी पाच-सहा वर्षांची असताना, आमच्या गाईला कोशा रंगाचा, म्हणजे राखेत थोडी माती मिसळावी तशा रंगाचा गोऱ्हा झाला आणि तो चार दिवसांचा असताना गाय गेली. आबा म्हणाले, हे काय जगत न्हाई. आय काही बोलली नाही, बोलायची सोयच नव्हती. तिनं वरच्या पठारावरच्या धनगरणीला गाठलं, तिच्याकडून शेळीचं दूध सुरू केलं. गोऱ्ह्याला वाटीतून पिता येईना. मग आय दोन बोटं दुधात बुडवायची आणि त्याच्या तोंडात द्यायची. तो बोटं चोखायचा, हिसके मारायचा, आयचा हात कोपरापर्यंत हलायचा. दिवसातून कितीदा तरी ती असं करत बसायची. पाहता पाहता गोऱ्हा वाढला, शिंगं आली, वशिंड आलं. त्याचा चांगला खोंड झाला, पण आयच्या मागंमागं फिरायचा कुत्र्यासारखा. ती शेणाची पाटी घेऊन निघाली की हा दावं ताणायचा.

त्याला वेसण घातली, जुवाखाली घेतला आणि पहिल्याच दिवशी तो बसला. खाली चक्क मातीत बसला. ज्यांनी बैल ठेवले नाहीत त्यांना यातली नामुष्की कळायची नाही. मारका बैल चालतो, आडमुठा चालतो, पण जुवाखाली बसणारा बैल म्हणजे बसका. त्याला मारा, शेपूट पिरगाळा, कानात पाणी घाला, तो डोळे मिटून बसून राहणार. दादांनी सगळं करून पाहिलं. दादा मुळात मवाळ, त्यांनी केलं ते म्हणजे काय, तर खोंडाच्या कानात बराच वेळ बोलले. खोंड ऐकत होता, पण उठला नाही.

मग आय पाटी घेऊन शेतावरून चालली, आणि खोंड उठून तिच्यामागं चालू लागला, जू आणि औत घेऊन. दादांनी फक्त औत धरलं. त्या वर्षीची आमची सगळी नांगरट अशी झाली. बांधावरून जाणारे थांबायचे, हसायचे. एक जण रोज म्हणायचा, बायको पुढं, बैल मधी, नवरा मागं, वरात कुणीकडं निघाली? दादा म्हणायचे, "तुझ्याकडंच, जेवाण टाकून ठिव."

बायकांनी औताला हात लावायचा नाही, जुवाला शिवायचं नाही, हे तर सगळीकडंच होतं. पण आय औताला शिवत नव्हती, ती फक्त पुढं चालत होती. त्यामुळं आबा बघून न बघितल्यासारखं करायचे.

आबांचा सगळा जीव शर्यतीत. चैत्रात आमच्या गावदेवाची जत्रा असायची आणि जत्रेत बैलगाड्यांची शर्यत. गावाबाहेर चढावर दोन्ही बाजूंना बांध घातलेला लांबलचक पट्टा होता, त्याला घाट म्हणत. दोन-दोन गाडे सोडायचे, त्याला बारी म्हणत. पायथ्याशी आबा हातात निशाण घेऊन उभे राहायचे, काठीला बांधलेलं तांबडं फडकं. ते खाली आलं की गाडे सुटले. ते काम आबांच्या वडलांपासून आमच्या घरात. घाटाचे नेमही आबाच सांगायचे, आणि त्यातला पहिला नेम हा, की बाईचा पाय घाटाला लागता कामा नये. लागला तर बैल बिचकतात, गाडा मोडतो म्हणत. बाया लांब उंबराच्या झाडाखाली उभ्या राहायच्या, तिथून त्यांना धुळीशिवाय काय दिसत असेल कुणास ठाऊक. माझ्यासारख्या लहान पोरींना मात्र आजा-बापाबरोबर जाता यायचं.

आबांना वाटलं, खोंड औताला बसतो, पण त्याची पायाची ठेवण शर्यतीच्या बैलाची आहे. हलका छकडा आणि मोकळा घाट मिळाला की पळेल. खोंडाला आमच्या म्हाताऱ्या समजूतदार बैलाच्या जोडीला जुंपला, दादा छकड्यात उभे राहिले, आबांनी स्वतः निशाण पाडलं, आणि भरल्या जत्रेत आमचा खोंड बसला. लोक हसून हसून बांधावरून खाली आले. म्हातारा बैल बिचारा जुवाच्या एका टोकाला उभा, मान वाकडी करून, शेजारी काय झालं ते बघत.

त्या संध्याकाळी आबा जेवले नाहीत. मला जवळ बोलावलं. "तुझ्या बाला सांग, आन् तुझ्या आयला बी सांग. पुढल्या जत्रेला ह्यो पळाला तर दावणीला राहील. न्हाईतर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बाजार."

बसक्या बैलाला बाजारात कोण घेतं आणि कशासाठी, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. बोलायचं कुणी नाही. मी उंबरा ओलांडून आयला निरोप सांगितला. तिनं ऐकलेला होताच. ती म्हणाली, "आबांस्नी सांग, ऐकलं." आणि पुन्हा भाकरी थापायला लागली, पण ती भाकरी करपली. आयची भाकरी करपलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली.

मग पुढल्या जत्रेपर्यंत काय चाललं ते तिघांनाच माहीत होतं, दादांना, आयला आणि मला. भात निघाल्यावर डोंगराच्या पायथ्याचा माळ मोकळा व्हायचा. उजाडता उजाडता आय गोवऱ्यांच्या निमित्तानं निघायची, दादा छकडा घेऊन. माळावर कुणी नसायचं. तिथं दादा आयला छकड्यात उभं करायचे आणि स्वतः बाजूला व्हायचे. कासरा तिच्या हातात. नऊवारी लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. पहिल्या दिवशी ती पडली. दुसऱ्या दिवशीही पडली, आणि पडल्यावर इतकी हसली की दादा घाबरले, डोक्याला मार लागला की काय म्हणून. मग हळूहळू जमलं. ती तोंडातून चकार शब्द काढायची नाही, कुणी ऐकेल म्हणून. नुसता कासरा हलवायची आणि तो खोंड असा सुटायचा की म्हाताऱ्या बैलालाही जुने दिवस आठवायचे. मी खडकावर बसून राखण करायचे, कुणी दिसलं की शीळ घालायची. पोरीनं शीळ घालायची नसते, पण इथं घाटच बाटवायचा बेत चालला होता तर शिळेचं काय.

प्रश्न होता जत्रेचा. बाईला घाटात कोण येऊ देणार? तेव्हा दादांनी युक्ती काढली. आयनं त्यांचं धोतर नेसायचं, लांब बाह्यांची पैरण घालायची, डोक्याला पटका बांधायचा. आबांना सांगायचं, गाडीवान मारुंजीचा आहे, सासरवाडीकडचा पाहुणा. आणि बोलायला लागू नये म्हणून तो मुका आहे.

आय तयार झाली, पण दोन अटींवर. कुंकू पुसणार नाही आणि बांगडी उतरवणार नाही. नवरा समोर उभा असताना बांगडी कशी उतरवायची? दादांनाही ते पटलं. मग कुंकू झाकलं जाईल असा पटका खाली ओढायचा, आणि हिरव्या काचेच्या बांगड्या कोपराकडं सारून वरून चिंधी घट्ट गुंडाळायची, म्हणजे पैरणीच्या बाहीत दिसायच्या नाहीत. तिसरी गोष्ट दादांनी स्वतः शोधली. त्यांना वाटे, खोंड तिला वासावर ओळखतो. म्हणून पटका नवा न घेता आयच्याच जुन्या लुगड्याचा केला, न धुता. दादांना त्या पटक्याचा फार अभिमान होता. मला दोनदा हुंगायला लावलं.

आबांना मुक्या पाहुण्याची बातमी मीच सांगितली. माझ्या पोटात काही राहत नाही, त्यामुळं सांगताना मी जमिनीकडं बघत होते. आबा म्हणाले, "गाडीवान मुका आन् बैल बसका. लई झ्याक जोडी हाय."

जत्रेच्या दिवशी आय नेहमीसारखी पाटी घेऊन पुढं चालली आणि खोंड तिच्यामागं घाटाजवळच्या करवंदीच्या जाळीपर्यंत निमूट आला. जाळीमागं आयनं कपडे बदलले. दादांनी चिंध्या गुंडाळल्या, दातांनी ओढून गाठी मारल्या. मी पटका सरळ केला. बाहेर आली तेव्हा मला हसू आवरेना, कारण ती दादांपेक्षा चांगला पुरुष दिसत होती.

छकडा तिथंच जुंपला, आय चढली. आणि इथूनच काहीतरी बिनसलं. खोंड जागचा हलेना. चौघांनी दोन्ही बाजूंनी धरून त्याला ओढत घाटाच्या तोंडाशी आणला. मी पळत जाऊन आबांच्या शेजारी उभी राहिले. बाजूच्या गाड्याला पांढरीशुभ्र खिल्लार जोडी होती, देशावरून आणलेली, शिंगांना रंग, कपाळावर आरसे. त्यांच्यापुढं आमचा कोसा खोंड आणि म्हातारा बैल म्हणजे लग्नात चुकून आलेले पाहुणे.

आबांनी निशाण पाडलं. पांढरी जोडी सुटली ती धुरळ्यातच दिसेनाशी झाली. आमचा खोंड बसला.

हसू उठलं. गेल्या वर्षीचं हसू परवडलं असं ते होतं, कारण आता लोक वाटच बघत होते. कुणी म्हणालं, आबा, खोंडाला उशी द्या. कुणी म्हणालं, मुक्यानं हाक मारली आसंल, त्याला ऐकू न्हाई गेली. आबा निशाण काखेत धरून उभे होते. दादा खोंडाच्या तोंडाशी वाकून त्याला काहीतरी विनवत होते. आय छकड्यात उभी, कासरा हातात, आणि तिला आवाज काढायची सोय नाही. मी तिच्याकडं बघत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला पटक्याखालून दिसलं. तिला दुसऱ्या दिवशीचा बाजार दिसत असणार.

चिंधी फार घट्ट बांधली होती. तिचा उजवा हात सुन्न पडला असावा, कारण तिनं कासरा डाव्या हातात घेतला, उजवी बाही वर सारली आणि गाठ सोडायला लागली. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे तिनं मला पुढं सांगितलं. नुसता हात दुखत होता. चिंधी सुटली आणि बांगड्या घरंगळून मनगटावर आल्या. छन्न झालं.

खोंडाचा कान वळला.

मी पाहिलं, आणि आयनं पाहिलं. तिनं हात थांबवला. खोंडाचा कानही थांबला. तिनं हात जरासा हलवला, आणि खोंडानं मान वर केली. तेव्हा आम्हाला उमगलं, वास नव्हे, चेहरा नव्हे. दुधात बुडवलेल्या बोटांबरोबर दर वेळी जो आवाज यायचा, त्यावर तो वाढला होता. आम्ही सगळं बरोबर आणलं होतं, लुगड्याचा वाससुद्धा, आणि नेमका तोच आवाज चिंधीत बांधून टाकला होता.

आता बघा, इथपर्यंत ती परत फिरू शकत होती. एकच बाही वर गेली होती, लोक हसण्यात होते, मुका पाहुणा मान खाली घालून उतरला असता आणि जाळीमागं गेला असता. आयनं दादांकडं पाहिलं. दादांनी हळूच मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग आयनं डावी बाही सारली, दातांनी दुसरी गाठ तोडली आणि दोन्ही हात वर करून पटका नीट बसवला. दोन्ही मनगटांवर हिरवा चुडा, उन्हात, सगळ्या जत्रेला दिसेल असा. पटका वर सरकला तसं कुंकूही दिसलं.

हसू बंद झालं. पंचांपैकी एक जाडेसे कारभारी आबांच्या शेजारी होते, ते पुढं झाले. "आबा, ही तर तुमची सून हाय. उतरवा तिला. बाईचा पाय घाटाला लागू द्यायचा न्हाई, ह्यो नेम तुमचाच हाय न्हवं?"

सगळी जत्रा आबांच्या तोंडाकडं बघायला लागली. आबा आयकडं बघत होते, आणि आयनं काय केलं असेल? अंगात पैरण, कमरेला धोतर, डोक्याला पटका, हातात कासरा, भरली जत्रा. एवढं सगळं मोडल्यावर तिनं थेट सासऱ्याशी बोलावं की नाही? पण नाही. तिनं सवयीनं मान बाजूला वळवली, डोक्यावरचा पटका पदरासारखा पुढं ओढला आणि मला हाक मारली.

"अगं, आबांस्नी सांग, मी गाड्यात उभी हाय. पाय कुटं ठिवलाय घाटात?"

आबा माझ्या शेजारीच होते. मी मान वर करून सांगितलं, "आबा, आय म्हणतीया, ती गाड्यात उभी हाय. पाय कुटं ठिवलाय घाटात?"

बांधावर कुणीतरी फसकन हसलं. या वेळचं हसू वेगळं होतं. कारभारी छकड्याच्या चाकाकडं आणि आयच्या पायांकडं बघायला लागले. खरंच, पाय फळीवर होते.

आबांनी घसा खाकरला. "तुझ्या आयला इचार, ह्यो खोंड उठणार हाय का?"

"आय, आबा इचारत्यात, खोंड उठणार हाय का?"

"आबांस्नी सांग, उठंल. निशाण तेवढं पुन्यांदा पाडा म्हणावं."

मी सांगितलं. कारभारी म्हणाले, पांढरी जोडी वर पोचली कवाच, बारी संपली, आता निशाण कशाचं? आबा त्यांच्याकडं न बघता म्हणाले, बारी त्या गाड्याची संपली. ह्या गाड्याची सुरूच न्हाई झाली. आणि त्यांनी निशाण वर उचललं.

आयनं हात झटकला, बांगड्या वाजल्या, खोंड उठला. उठला म्हणजे अंग झाडून, नाकातून फुंकर सोडून उभा राहिला. निशाण पडलं आणि छकडा सुटला.

शर्यतीत किती आरडाओरडा असतो ते पाहिलेल्यांना माहीत आहे. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी कुणी ओरडलंच नाही. ओरडायचं की नाही हेच कुणाला ठरवता येईना. त्यामुळं अख्ख्या जत्रेला ऐकू येत होतं ते फक्त चाकांची घरघर, खुरांचा आवाज आणि बांगड्या. वर, आणखी वर, बारीक होत जाणाऱ्या बांगड्या. मधे चढ उभा होता तिथं म्हातारा बैल रेंगाळला, पण खोंडानं त्यालाही ओढून नेलं. पटका सुटून मागं लांबच लांब उडत होता, आणि आयचा अंबाडा मोकळा झाला होता. टोकाला झेंडा होता. छकडा झेंड्याच्या पलीकडं गेला आणि सगळ्यात आधी आरोळी आली ती बायांची, लांबून, उंबराखालून. त्यांना तेवढ्या लांबून काय दिसलं आणि काय कळलं, देव जाणे. मग बांधावरचे पुरुषही ओरडायला लागले, त्यांना जणू कुणी परवानगी दिली. दादा मातीत बसून हसत होते, खोंड बसला होता तिथंच.

नारळ आणि फेटा पांढऱ्या जोडीला मिळाला. रीतसर मिळाला, ती आधी पोचली होती. आमच्या गाड्याला काही मिळालं नाही. मला आबांनी रेवड्या घेऊन दिल्या, न मागता, दोन्ही मुठी भरून.

घरी परतताना आबा जत्रेतल्या कासाराच्या दुकानाशी थांबले. हिरव्या बांगड्या मागितल्या. कासार म्हणाला, मापाला कुणी आणलंय का? आबा म्हणाले, माप न्हाई, काठीला बांधायच्यात. त्यांनी त्या बांगड्या सुतळीत ओवून आपल्या काठीच्या टोकाला बांधल्या आणि भर जत्रेतून छनछन करत चालले. पुरुषाला बांगड्यांवरून बोलणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. एक जण ओरडलाच, काय आबा, बांगड्या भरल्या का?

आबा थांबले. "व्हय, भरल्या. तुमी बी भरा. बैल बसत न्हाईत."

मला अजून ते दिसतं. तसे आबा फार ताठ, कुणाचं ऐकून घेणारे नव्हते. पण त्या दिवशी त्यांची चाल हलकी झाली होती.

मनातून त्यांना काय हवं होतं ते संध्याकाळी कळलं. खोंड ठेवायचा, पण सुनेला पुन्हा त्रास पडू द्यायचा नाही. दिवे लागायच्या आधी ते काठी घेऊन गोठ्यात गेले आणि खोंडासमोर उभे राहून काठी हलवली. छनछन. खोंडानं त्यांच्याकडं पाहिलं आणि कडबा चघळत राहिला. आबांनी काठी जोरात हलवली. मग हळू हलवली. मग काठी पाठीमागं लपवून हलवली. खोंड बसला. दादा दाराआड तोंडात पंचा कोंबून उभे होते. काठीवरच्या बांगड्या आणि हातातल्या बांगड्या यांतला फरक त्या जनावराला कळत होता. काठी हातासारखी हलत नाही ना.

हे सगळं दादांनी पुढं सांगितलं, मी तेव्हा माळ्यावर होते. चुलीच्या वर आमचा लाकडी माळा होता, तिथं गवत आणि मडकी असायची, आणि रेवड्या खायला ती जागा चांगली, कुणी वाटा मागत नाही. फटीतून खालचं सगळं दिसायचं. आय चुलीपाशी होती, पुन्हा लुगड्यात, डोक्यावर पदर. आबा आले आणि उंबऱ्यापाशी उभे राहिले. त्यांनी इकडंतिकडं मला शोधलं. मी दिसले नाही. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली, बांगड्या वाजल्या. मग खाकरले.

"सूनबाई," आबा म्हणाले, "खोंड कुटं जात न्हाई. बाजारच्या गिऱ्हाइकाला मी नगं म्हणून सांगितलंय. उद्याधरनं औताला बी तूच हात लाव. कोण काय बोललं तर माझं नाव सांग."

आयचा हात पिठात तसाच थांबला. तिनं मागं वळून बघितलं, कोपऱ्यात, दाराशी, अंगणात. मला हाक मारली. मी रेवडी तोंडात धरून गप्प बसले. तिनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. मी मुद्दाम ओ दिली नाही. खाली दोघंही वाट बघत होते, आबा दाराबाहेर आणि आय आत, मधे नुसता उंबरा.

"व्हय, मामंजी," आय म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की आबांना ऐकू गेला नाही. "काय म्हणलीस?"

"म्या म्हणलं, व्हय. आन् भाकरी झालीया, जेवाया या."

आबा आले, बसले, जेवले. आणि त्या दिवसापासून माझी निरोप पोचवायची नोकरी गेली.